पिवळी लेबलं न वाजवता पाठवावीत

३ सप्टेंबर

प्रिय ठोंब्या,

आशीर्वाद. गुडघा आहे तसाच आहे, तेव्हा तब्येतीचा विषय संपला. आता कामाचं.

बसथांब्यामागच्या गल्लीतलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद होतंय. दुकानदाराने सगळी अडगळ फुटपाथवर मांडलीय. मी सकाळी दूध आणायला म्हणून गेले ती बारा वाजता घरी आले, आणि दूध विसरूनच आले. गाण्यांच्या चार छोट्या तबकड्या मिळाल्या! एक शाळामास्तरांच्या बँडची आहे. पाच मास्तर आणि एक ऑर्गन. गाणारा मास्तर हजेरी घेतल्यासारखा गातो, पण मधेच ऑर्गनवाला असा काही सुटतो की बस. हे गाणं कुणीच कसं ऐकलं नाही रे? गाजलेल्यांचं कौतुक करायला अख्खं जग बसलंय. एकदा छापलं, कुणी घेतलं नाही, रद्दीत गेलं, अशा गाण्यांना आपण दोघंच.

मी गायलेलं, तू वाजवलेलं आपलं गाणं तर रद्दीत जायच्याही नशिबाचं नव्हतं. कंपनीच्या तळघरात पाणी शिरलं, टेप भिजली आणि खेळ खलास. बेचाळीस वर्षं झाली. जाऊ दे, तुला दर पत्रात तेच तेच ऐकवते मी.

तर चौथी तबकडी पिवळ्या लेबलची आहे. तुझा नियम पाठ आहे मला: पिवळी लेबलं न वाजवता पाठवावीत. त्या कंपनीचा माल मऊ, आणि माझ्या प्लेयरची जाड सुई एका फेरीत सगळं खरवडून काढेल. आजवर तीन पाठवल्या. त्यांची टेप करून देणार होतास, ती काही आली नाही. हीसुद्धा पाठवू का?

तुझी,
ताई

९ सप्टेंबर

ताई,

नमस्कार, पण लांबूनच. पाया पडायला वाकलो तर कंबर तिथेच राहील.

मास्तरांचा बँड! जळून खाक झालो. मी या वर्षभरात काय मिळवलं, तर एका दंतवैद्याचं दातांवरचं गाणं. तेही तडकलेलं.

पिवळी वाजवू नकोस. हात जोडतो. दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेव, दोरी बांध आणि उद्याच्या उद्या रजिस्टरने पाठव. आधीच्या तिन्ही आतून गेलेल्याच होत्या गं, नाहीतर टेप केली नसती का? ही तरी वाचू दे.

घाईला कारणही आहे. एक बाई विसरलेल्या गाण्यांचं संकलन काढतायत. दोन मोठ्या तबकड्या, सोबत पुस्तिका, आणि पुस्तिका लिहितोय कोण? तुझा ठोंब्या! दिवसभर लोकांना ‘खालची ओळ वाचा’ म्हणणारा चष्मेवाला एकदम तज्ज्ञ झालाय. बाईंना पिवळ्या लेबलवालं काहीतरी हवंय. मी म्हटलं, आता कुठे मिळतंय ते.

तुझ्या वहिनीचं विणकाम सुरू झालंय. नोव्हेंबरचा तुझा स्वेटर यंदा निळा. बाह्या आखूड होतात म्हणून मागे कुरकुरली होतीस ना, तिला सांगितलंय.

वाट बघतोय. पार्सलची, आणि मग पत्राची.

तुझाच,
ठोंब्या

१६ सप्टेंबर

ठोंब्या,

पिवळी पाठवली नाही. पाठवणारही नाही. वाजवलीय.

मी नाही, दुकानदाराने. तो म्हणाला, बाई, मी वाजवून दाखवल्याशिवाय काही विकत नाही, माझ्या बापाचा नियम आहे. मी ‘अहो नको, अहो मऊ असते ती’ म्हणतेय तोवर त्याने लावलीसुद्धा. हे सगळं गेल्या पत्राआधीच झालं होतं. तुला मुद्दाम लिहिलं नाही, तू काय म्हणतोस ते बघायचं होतं.

टेबलावर उघडा पडलेला रेडिओ होता, डाग देऊन तारा जोडण्याचा धूर होता, आणि त्या धुरात कुणीतरी गायला लागलं. मला आधी वाटलं, बरी गातेय हं पोरगी. खरंच असंच वाटलं! पहिल्या कडव्याच्या शेवटी तिने श्वास घेतला. तो श्वास माझा होता. आपला आवाज माणूस चटकन ओळखत नाही, पण श्वास ओळखतो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून माझा मीच ऐकलाय तो.

मी तिथल्या स्टुलावर बसले. दुकानदार म्हणाला, पाणी देऊ? मी म्हटलं, पाणी नको, परत लावा. पाच वेळा लावायला लावलं त्याला. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तेही बिचारं ऐकत उभं राहिलं.

आपण त्या गाण्याला ‘जिना’ म्हणायचो, कारण मी ते जिन्यात बसून रचलं होतं. लेबलवर छापलंय ‘तुझी वाट’. किती पानचट! चाल तुझी, गिटार तुझी, तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत तुझं नाव आहे, भिंगाखाली धरलं तेव्हा दिसलं. आणि गायिका कोण, तर कुमारी बुलबुल.

आता सरळ सांग. भिजलेली टेप छापली कशी गेली? आणि ही बुलबुल कोण?

ताई

२८ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. रागावू नकोस, नीट ऐक.

टेप भिजली हे खरं आहे. पण कंपनीने चाल ठेवून घेतली होती, आणि पुढे त्यांनी दुसऱ्या एका मुलीकडून गाणं नव्याने गाऊन घेतलं. ती बुलबुल. कुठली, कोण, मला काय ठाऊक? बोलावलं म्हणून गेलो, वाजवलं, आलो. तेव्हा तू एक्स्चेंजची परीक्षा देत होतीस. तुझ्या जखमेवर मीठ कशाला चोळा, म्हणून बोललो नाही. चूक झाली असेल, पण वाईट हेतू नव्हता.

आवाजाचं म्हणशील तर त्या काळी सगळ्या मुली एकाच पट्टीत गायच्या. आणि तुझा प्लेयर काय, त्या दुकानदाराचा काय, सगळे एका माळेचे मणी. जुनी तबकडी, धूर, गल्लीचा गोंगाट. त्यात माणसाला जे हवं ते ऐकू येतं. माझ्याकडे येणारी निम्मी म्हातारी माणसं न दिसणारी ओळ पाठ म्हणून दाखवतात.

पाठव ती इकडे. चांगल्या सुईवर आपण दोघं मिळून ऐकू, म्हणजे तुझं समाधान होईल.

ठोंब्या

४ ऑक्टोबर

अरे, तू मला म्हातारी म्हणालास ते चालेल. बहिरी म्हणालास?

मग ऐक. एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती, हातची राखून ठेवली होती. दुसऱ्या कडव्यात, ‘पायरी’ या शब्दावर, तुझ्या गिटारची तार तुटते. टण्! आणि मला हसू येतं. मी ते दाबते, पण फस्सकन नाकातून निघतंच, आणि पुढची अर्धी ओळ मी हसत हसत गाते. आठवतंय? तू उरलेल्या पाच तारांवर पुढे वाजवत राहिलास. पुन्हा घ्यायला वेळ नव्हता, कारण दाराबाहेर लग्नाचा बँड त्यांची पाळी यायची वाट बघत उभा होता. आपण जिन्यावरून खाली येईपर्यंत हसत होतो.

तुझ्या बुलबुलच्या वेळीही तार त्याच शब्दावर तुटली का रे? आणि तीसुद्धा नाकातूनच हसली?

आणखी एक. चार दिवस मी डोक्याला ताण देतेय, बुलबुल हे नाव मी कुठे ऐकलंय. काल भांडी घासताना आठवलं. तुझ्या लग्नात, निरोपाच्या वेळी, तुझे सासरे गाडीच्या खिडकीत डोकं घालून रडत होते. ‘माझी बुलबुल चालली, माझी बुलबुल चालली.’ पिवळ्या लेबलच्या कंपनीचे मालक, आणि लहान मुलासारखे रडत होते. मला गहिवरून आलं होतं तेव्हा.

म्हणजे माझा आवाज तू हुंड्यात दिलास.

मी त्या पिवळ्या तबकड्या माझ्या हातांनी, पुठ्ठ्यात घालून, दोरी बांधून, पत्त्याखाली ‘सांभाळून’ लिहून तुला पाठवल्या. तीन वेळा. न वाजवता! का, तर भाऊ म्हणाला. गायिकेचं नाव अनोळखी, गाणं अनोळखी, तुझं नाव भिंगाशिवाय न दिसणारं, मला संशय तरी कशाला येईल? काखेत कळसा घेऊन चाळीस वर्षं गल्ल्या धुंडाळत होते मी, आणि कळसा मिळाला की पोस्टात नेऊन टाकत होते.

त्या तीन तबकड्या कुठे आहेत?

१५ ऑक्टोबर

ताई,

आता लपवून काय करू.

तार तुटली ती आपलीच. टेप कधी भिजली नाही. सासऱ्यांनी ऐकली आणि म्हणाले, गाणं छान आहे, छापतो, पण नाव माझ्या मुलीचं. तिला गायिका करायचं त्यांच्या मनात होतं. तेव्हा माझं त्या घरी जाणंयेणं सुरू झालेलं, मी नाही म्हटलं असतं तर दार बंद झालं असतं. मी अठरा वर्षांचा होतो गं. वाटलं, एकच तर गाणं आहे, ताई आणखी पन्नास गाईल. तू गाणंच सोडशील असं मला कुठे माहीत होतं?

तबकडी कुणी घेतली नाही. कंपनी बुडाली, उरलेला माल रद्दीवाल्यांकडे गेला. मी सुटलो असं वाटलं. आणि मग तू पत्रात लिहिलंस, ‘जुन्या तबकड्या जमवायचा नाद लागलाय.’ कधी ना कधी ती तुझ्या हाती लागणार. म्हणून मीही जमवायला लागलो. मऊ माल, जाड सुई, ते सगळं मी रचलं.

तुझ्या तीन आणि मी शोधलेल्या आठ, अशा अकरा झाल्या. फोडल्या. दुकानामागे, भिंगाचे तुकडे टाकतो त्या पिंपात.

पण नंतर मला खरंच गोडी लागली, ताई. तो दंतवैद्य, ते सगळे, ते खोटं नाही.

तुझ्या पाया पडतो, तुझ्या वहिनीला यातलं काही कळू देऊ नकोस. त्या एका तबकडीवर ती जगतेय. तिचा अभिमान आहे तो, तिला सोसणार नाही. संकलनवाल्या बाईंना आता गाण्याचा सुगावा लागलाय. तुझ्याकडची प्रत दिलीस तर पुस्तिकेत साथीच्या ओळीत मी तुझं नाव नक्की घालतो.

तुझा,
ठोंब्या

११ नोव्हेंबर

वहिनी,

तुमचा निळा स्वेटर परवा, नऊ तारखेला पोचला. दर वर्षी त्याच तारखेला कसा पोचतो, याचं मला कौतुक वाटायचं. परत पाठवत आहे. माझा आवाज घेतलात, त्यावर बेचाळीस वर्षं मिरवलंत. आता लोकर नको.

१६ नोव्हेंबर

वन्सं,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमच्या चार ओळी वाचून मी गॅस बंद केला. मग ‘ह्यां’च्या खणातली तुमची पत्रं काढून वाचली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं काही चोरून वाचलं.

मी मिरवलं नाही हो. देवाशपथ नाही. मला मेलीला सूरच लागत नाही! अंगाईसुद्धा मी कधी गायले नाही, पोरं झोपायच्याऐवजी उठून बसली असती. हौस वडिलांना होती.

मला ‘ह्यां’नी लग्नाआधी सांगितलं होतं, की ताईने हे गाणं तुला भेट म्हणून दिलंय, आपणहून. अट एकच, की तिच्यासमोर त्याचा विषय कधी काढायचा नाही, तिला त्रास होतो. मी म्हटलं, केवढ्या मनाची बाई! स्वतःचा आवाज कुणी दुसरीला देतं का? आणि विषय काढायचा नाही म्हणून तोंड शिवून बसले. तुमच्याकडे आले की मला बोलायलाच सुचायचं नाही. तुम्हाला मी आढ्यतेखोर वाटत असेन, दिसायचं मला ते. नऊ नोव्हेंबरला ती तबकडी दुकानात आली होती. आभार मानायची बंदी होती, मग काय करणार? विणत गेले. एक्केचाळीस स्वेटर झाले, वन्सं. तुम्हाला कळत नसेल, पण मी दर वर्षी थँक्यू म्हणत होते.

काल संकलनवाल्या बाई घरी आल्या. लेबलवरच्या गायिकेची सही हवी म्हणाल्या. हे शेजारीच बसले होते, पेन त्यांनीच पुढे केलं. मी म्हटलं, गाणारी दुसरी आहे, मी फक्त बापाची लाडकी होते. हे उठून आतल्या खोलीत गेले.

त्यांनी तुम्हाला फसवलं, आणि मला तुमच्या नजरेत चोर केलं. माझ्याच घरात, माझ्याच ताटात जेवून. कुठला राग आधी करावा तेच कळत नाही.

गुरुवारी मी येते आहे. स्वेटर घेऊनच येते, बाह्या लांब केल्यात. दार उघडाल ना?

तुमची,
वहिनी

२ डिसेंबर

ठोंब्या,

दुसरं काही नाव लिहावं म्हटलं, पण सुचेना. खोटं नाव लिहायची सवय मला नाही.

गुरुवारी वहिनी आल्या. मी दार उघडलं, आणि आम्ही दोघी दारातच उभ्या, मधे स्वेटरची पिशवी. आधी कोण रडलं ते सांगत नाही. मग मी पिवळी तबकडी काढली आणि माझ्याच प्लेयरवर लावली, माझ्याच जाड सुईने. तार तुटली तिथे वहिनी खुदकन हसल्या, म्हणाल्या, माहेरी ही वाजायची तेव्हा हे हसू मला कळलंच नव्हतं, मला वाटायचं तबकडीत दोष आहे. आम्ही ती नऊ वेळा वाजवली. आणि ठोंब्या, काही झालं नाही तिला. एक ओरखडासुद्धा नाही. जाड सुईने काहीही होत नाही.

तू अठरा वर्षांचा होतास ते मी समजू शकते. अठराव्या वर्षी माणूस गाढवच असतं. पण तू साठचा झालास, तरी ‘हात जोडतो, उद्याच्या उद्या पाठव’ लिहीत होतास. गाणं चोरलंस ते एकदाच. नंतरची चाळीस वर्षं तू माझ्यावर पाळत ठेवलीस, आणि मी तिला माया समजत होते. लोकांना नीट दिसावं म्हणून भिंगं घासतोस आणि सख्ख्या बहिणीच्या डोळ्यांत धूळ फेकतोस. वर म्हणतोस, साथीच्या ओळीत नाव घालतो! केसाने गळा कापतात म्हणतात तो असा.

तुला वाटलं ताई आणखी पन्नास गाईल. नाही गायले. मला वाटलं, माझ्या गाण्यात काही असतं तर कंपनीने टेप सुकवून पुन्हा बोलावलं असतं. बोलावलं नाही, म्हणजे मी सामान्यच. हे मी स्वतःला समजावलं आणि ‘नंबर सांगा’ म्हणत बसले. आता गायला गेले तर घशातून खरखर येते. ते वय तू मला कुठल्या पार्सलमधून परत पाठवणार आहेस?

संकलनात गाणं जातंय. बाईंना प्रत माझ्याकडची दिली, आता तेवढीच एक उरलीय. गाण्याचं नाव ‘जिना’. गायिका म्हणून माझं नाव. चाल आणि गिटार म्हणून तुझं नाव जसंच्या तसं राहील. बाई म्हणाल्या, काढायचं का? मी म्हटलं नको, वाजवलं त्याने चांगलं, पाच तारांवर वाजवलं. दुसऱ्याचं नाव खोडायचं काम आमच्या घरात एकानेच केलं तेवढं पुरे. पुस्तिका मात्र तू लिहिणार नाहीस. वहिनी आणि मी सांगतोय, बाई लिहून घेतायत.

मला आता काही पाठवू नकोस. तबकड्या नकोत, पत्रंही नकोत, एक सोडून.

तू मला आजवर दोनशे बारा तबकड्या पाठवल्यास. मी काल सगळ्या खाली काढल्या आणि जमिनीवर मांडल्या. ती टायपिस्ट, जिने एकच गाणं काढलं. तो खलाशांचा बँड. माझ्या ऑपरेशनच्या वेळी पाठवलेली ती निळी. किती वेळा मी लोकांना सांगितलंय, बघा, भावाने शोधून पाठवलीय. आता एकेक हातात घेते, आणि कळत नाही. ही मला आवडेल म्हणून पाठवलीस, की मी दुसरीकडे शोधू नये म्हणून? दोनशे बारांपैकी एकीबद्दलही मी खात्रीने सांगू शकत नाही. गाणं गेलं तेव्हाही मला इतकं रिकामं वाटलं नव्हतं.

सगळ्यांची यादी केलीय. सोबत जोडली आहे. ज्या तू खरंच माझ्यासाठी पाठवल्या होत्यास, त्यांच्यापुढे खूण कर आणि यादी परत पाठव. खोटी खूण करू नकोस, मी ओळखेन. एकही नसेल तर कोरीच पाठव. पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आत ठेवलंय.

ताई